ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव, अंदाजे

आधी माझा गुन्हा सांगते, म्हणजे दुसऱ्यांचे सांगायला लागल्यावर कुणी मध्ये बोलायला नको.

उज्जैनच्या एका मोठ्या दवाखान्यात इमर्जन्सीची नवी पद्धत सुरू झाली, तेव्हा तिचं पत्रक मी लिहिलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. मी स्वतः हात वर केला होता.

आमचा आठ-दहा जणांचा गट आहे. रुग्णांच्या हक्कांवर काम करतो, म्हणजे पत्रकं छापतो, वाटतो, अर्ज देतो, साहेबांच्या दाराबाहेर बसतो. कॉलेजपासून मी एवढंच शिकले: वाक्य लहान ठेव, क्रियापद ठणठणीत ठेव, आणि वाचणारा नानाखेड्याच्या बसस्टँडवर उभा आहे, त्याची बस सुटतेय, असं समजून लिही.

त्याआधी त्या इमर्जन्सीत काय चालायचं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. एक बाई दोन तास पोट धरून बाकावर बसून होती. तिच्यासमोरून अंगठा कापलेला एक ठेकेदार थेट आत गेला. त्याच्याबरोबर नऊ जण होते आणि नऊच्या नऊ ओरडत होते. ज्याची माणसं जास्त, त्याची दुखापत मोठी. ज्याचा फोन वर लागतो, त्याचं रक्त जास्त लाल. वर्षानुवर्षं हेच.

म्हणून नवी पद्धत आली तेव्हा मला उड्या माराव्याशा वाटल्या. दारातच एक टेबल. तिथे सिस्टर बसणार, नाडी बघणार, बीपी बघणार, बोटाला ऑक्सिजनचं मशीन लावणार, सगळे आकडे कॉम्प्युटरमध्ये टाकणार. कॉम्प्युटर रंग सांगणार आणि त्या रंगाची पट्टी मनगटाला बांधणार. लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता. पिवळी म्हणजे थोड्या वेळात. हिरवी म्हणजे बसा, धोका नाही. कुणाचा भाचा, कुणाचा साला, काही विचारायचं नाही. याला ट्रायज म्हणतात. मी याला न्याय म्हणत होते.

पत्रक हिंदीत लिहिलं, कारण गाव हिंदीत वाचतं. ‘आवाज़ नहीं, हालत देखी जाएगी. पट्टी बँध गई तो बैठ जाइए. चिल्लाने से रंग नहीं बदलेगा.’ शेवटचं वाक्य खास माझं. फ्रीगंजमध्ये एका पानवाल्याने ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाला, “मैडम, ऐसा एक मेरे ससुराल वालों के लिए भी लिख दो.” मी खूश. घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, “तुझ्यासाठी कुणीतरी लिहायला हवं होतं.”

आम्ही फ्लेक्स वापरत नाही. बॅनर कापडी, आणि तो भैरवगढला छापून घेतो, एका चाचांकडून. साठीच्या पुढचे आहेत. पत्र्याची शेड, आत गादीसारखं जाड कापड अंथरलेलं लांब टेबल, भिंतीला लाकडी ठप्प्यांची रांग. हात मनगटापर्यंत काळेनिळे. नखं तर अशी की जन्मालाच तशी आली असावीत. साबण, लिंबू, रॉकेल, काही चालत नाही. लग्नाकार्यात ते हात खिशात घालून फिरतात आणि जेवायला बसले की पोरं टक लावून बघतात, असं चाची सांगते. नव्या पद्धतीच्या बॅनरवर लाल, पिवळे, हिरवे गोल त्यांनीच छापले. मी अर्थ समजावला तर म्हणाले, “हरा सबसे पीछे? ये तो ज़्यादती है, बेटी.” आणि हसले. चाचांचं हसणं तेव्हाही खोकल्यात संपायचं. मी लक्ष दिलं नाही.

थंडीचे दिवस. सकाळचे अकरा वाजले असतील. मी घरी मटार सोलत होते आणि चाचीचा फोन आला. “बेटी, इनकी साँस फूल रही है. दवाखाने ले आई हूँ. हरी पट्टी मिली है. तू परेशान मत हो, बैठे हैं.”

मी गेले. खरं सांगते, अर्धी चाचांसाठी गेले आणि अर्धी माझी पद्धत कशी चाललीय ते बघायला.

इमर्जन्सीत शांतता होती. कुणी कुणाच्या अंगावर धावत नव्हतं. लोक पट्ट्या बांधून बसले होते, शाळेतल्या पोरांसारखे. चाचा बाकाच्या टोकाला, दोन्ही हात गुडघ्यांवर, पुढे वाकून. मला बघून मनगट वर केलं. “आ गई... तेरी... पट्टी देख.” एक वाक्य, तीन तुकडे.

“किती वेळ झाला?” मी चाचीला हिंदीत विचारलं.

“घंटा ऊपर हो गया. मैं तो जा रही थी उस सिस्टर के पास. ये बोले, बैठ जा, बेटी ने लिखा है चिल्लाना नहीं.”

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, “हाँ चाची, बस थोड़ा और. हरा मतलब ख़तरा नहीं है.”

हे वाक्य मी बोलले. चांगली पंधरा मिनिटं मी तिथे उभी राहिले. ग्रुपवर टाकायला नव्या बोर्डाचा फोटोसुद्धा काढला. चाचा माझ्या मागे श्वास ओढत होते आणि मी फोटोत बोर्ड सरळ येतोय का ते बघत होते.

मग चाचीच्या हातातली पर्ची सहज घेतली. नाडी, बीपी, ताप. ऑक्सिजन ९८. मी डॉक्टर नाही. पण कोरोनाने या देशातल्या घराघराला एवढं तर शिकवलंय की अठ्ठ्याण्णव म्हणजे काय आणि अठ्ठ्याण्णववाला माणूस कसा बसतो. तो असा बसत नाही. मी चाचांच्या तोंडाकडे नीट बघितलं, त्या दिवसात पहिल्यांदा. ओठांना तर छपाईचा रंग लागत नाही ना? त्यांचे ओठ त्यांच्या नखांच्या रंगाचे झाले होते.

टेबलावरच्या सिस्टर आमच्या ओळखीच्या. आपली मराठीच माणसं, गणपतीत आरतीला आईच्या शेजारी उभ्या असतात. मला बघून म्हणाल्या, “अगं तू! आईचा गुडघा कसा आहे?”

“मावशी, त्या बाकावरच्या चाचांचा ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव आहे?”

“कोण, ते रंगवाले? हो.”

“मशीनवर अठ्ठ्याण्णव आला?”

“मशीनवर ब्याऐंशी आला गं. पण बोटं बघितलीस का त्यांची? भैरवगढचे सगळे असेच येतात. रंग असला की मशीन कमी दाखवतं, ट्रेनिंगमध्ये सांगितलंय आम्हाला. नेलपॉलिशचं पण तसंच.”

“मग अठ्ठ्याण्णव कुठून आला?”

“रकाना रिकामा सोडता येत नाही बेटा, कॉम्प्युटर पुढे सरकतच नाही. ब्याऐंशी टाकला की थेट लाल. प्रत्येक रंगवाल्याला लाल करून आत पाठवलं तर डॉक्टर मला फाडून खातील. म्हणून अंदाजे टाकला. चालत आले, बोलत होते. कसं वाटतंय विचारलं तर म्हणाले, ठीक हूँ.”

अंदाजे. आम्ही कशासाठी भांडलो होतो? ओळख नको, अंदाज नको, माणूस मोजा. आणि मोजायची वेळ आली तेव्हा मशीनने खरं सांगितलं, तर मशीनला खोटं ठरवलं. का? कारण माणसाच्या हाताला त्याच्या कामाचा रंग होता. ऑफिसात बसणाऱ्याचं बोट खरं बोलतं, छपाईवाल्याचं बोट खोटं बोलतं. मावशी काही दुष्ट नाहीत. ट्रेनिंगमध्ये त्यांना अर्धं शिकवलं, की रंग मशीनला फसवतो. मग अशा वेळी करायचं काय, हे उरलेलं अर्धं शिकवायच्या आधी बहुतेक जेवणाची सुट्टी झाली.

आणि ‘ठीक हूँ’! चाचांना चाळीस वर्षांत कुणीही कसं वाटतंय विचारलं तर ते ‘ठीक हूँ’च म्हणाले असणार. दुसरं उत्तर त्यांच्याकडे नाही.

कोरोनात आमच्या शेजारच्या काकूंच्या बोटांवर मेंदी होती, तेव्हा डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं, पायाच्या बोटाला लावून बघा. ते मला आठवलं. मी टेबलावरचं मशीन उचललं.

“अगं, ए! सरकारी आहे ते!” मावशी ओरडल्या.

मी बाकापाशी खाली बसले आणि चाचांच्या बुटाला हात घातला. तर चाचांनी पाय मागे ओढला. आम्ही मराठी पोरी दिसेल त्या वडीलधाऱ्याच्या पाया पडतो, पण माळव्यात मुलीला पायाला हात लावू देत नाहीत, पाप मानतात. “पाँव को... हाथ... मत लगा... बेटी.” श्वास नाही घ्यायला, आणि आहे तेवढा या वाक्यावर खर्च! मी बूट खेचतेय, ते पाय चोरतायत, आजूबाजूचे लोक तमाशा बघतायत. शेवटी चाची त्यांच्या पोटरीवर चक्क रेलून बसली. “निकाल, बेटी! मैं पकड़ती हूँ. मर जाएगा इसी इज़्ज़त में.”

बूट निघाला, मोजा निघाला. पायाच्या बोटांना रंगाचा ठिपका नव्हता. मशीन लावलं. आकडा यायला वेळ लागला. मावशी टेबल सोडून माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

८१.

“इथे रंग नाहीये, मावशी,” मी म्हटलं.

त्यानंतर मी ओरडले. काय ओरडले ते छापण्यासारखं नाही. चिल्लाने से रंग नहीं बदलेगा, असं लिहिणारी मी, बेंबीच्या देठापासून ओरडले, आणि रंग बदलला. स्ट्रेचर आलं, हिरवी पट्टी कात्रीने कापून डब्यात गेली, लाल बांधली, चाचा आत गेले. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया निघाला आणि त्याच्या खाली बरंच जुनं दुखणं. आतून डॉक्टर बाहेर आले आणि चाचीवर खेकसले, “इतनी देर क्यों की लाने में?”

चाचीने माझ्याकडे पाहिलं. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

चाचा वाचले. नऊ दिवसांनी घरी गेले. जाताना डॉक्टरांनी बजावलं, छाती आता पूर्वीसारखी राहिलेली नाही, हे पुन्हा होणार, श्वास लागला की तासभरही थांबू नका. म्हणजे चाचा पुन्हा येणार. त्याच दारातून, त्याच टेबलापाशी, तेच हात घेऊन. काम सोडा, असं सांगायला डॉक्टरांचं काय जातं? चाचा काही सोडणार नव्हते. मग पुढच्या वेळी कोणता आकडा टाकणार? माझं सगळं भांडण त्यानंतर या एका प्रश्नाचं होतं.

महिन्याच्या समीक्षा बैठकीला आमच्या गटालाही बोलावतात. दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी पडद्यावर तक्ता लावला: त्या महिन्यातला प्रत्येक लाल रुग्ण मिनिटांत डॉक्टरांसमोर. मी चाचांची तारीख शोधली. लाल, चार मिनिटं. चारच! दीड तास कुठे गेला? तर पट्टी बदलली की घड्याळ नव्याने सुरू होतं. हिरव्यातला वेळ लालमध्ये धरत नाहीत. बाकावर गुदमरत काढलेला दीड तास कॉम्प्युटरच्या लेखी झालाच नाही. चाचा त्यांच्या यशाच्या तक्त्यात बसले होते.

मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. बोटं, ब्याऐंशी, अठ्ठ्याण्णव, पाय. मागितलं काय? फक्त दोन गोष्टी. फॉर्मवर एक ओळ: बोटाला रंग असेल तर पायाच्या बोटाला लावून बघा. आणि आकडा नसेल तर रकाना रिकामा सोडायची परवानगी.

साहेब हसून म्हणाले, “मैडम, आप तो इस अभियान की साथी हैं. आप ही ऐसे बोलेंगी?”

“साथी हूँ, इसीलिए बोल रही हूँ.”

“देखिए, फ़ॉर्म ऊपर से आया है. उसमें हम बिंदी भी नहीं लगा सकते.”

मला वाटलं होतं, एवढ्यावर संपेल. पण तीन दिवसांनी कळलं की साहेबांनी कारवाई केली. फॉर्मवर नाही. फॉर्म बनवणाऱ्यांवर नाही. अर्धं ट्रेनिंग देणाऱ्यांवर नाही. चुकीचा आकडा टाकला म्हणून सिस्टरांना नोटीस दिली आणि टेबलावरून उचलून स्टोअरमध्ये बसवलं. वर मला फोन करून सांगितलं, “आपकी शिकायत पर एक्शन हो गया.” माझी शिकायत!

घरी आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ते एकदम. “कंत्राटी आहे ती. आता पुढचं वर्ष मिळेल का नाही कोण जाणे. तुला आपलीच माणसं सापडतात का गं?”

“आई, तिकडे एक माणूस मरत होता.”

“मग साहेबाला धरायचं होतंस.”

“साहेबालाच धरलं होतं! त्याने तिला पुढे केलं.”

“मग तुला धरता येत नाही,” आई म्हणाली आणि कुकर लावायला गेली. माझ्या सगळ्या पत्रकांवर मिळून कुणी इतकं खरं बोललं नसेल.

मी स्टोअरमध्ये गेले. मावशी खोक्यांच्या मध्ये बसून हातमोजे मोजत होत्या. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, “राहू दे. चूक माझीच होती, मी नाही म्हणत नाही. पण एक सांग. त्या दिवशी ८१ मी बघितला. आयुष्यात विसरणार नाही. आता मी इथे हातमोजे मोजतेय आणि टेबलावर नवी पोरगी बसलीय. तिने ते बघितलंय का? परवा मी तिला सांगायला गेले तर म्हणाली, सिस्टर, आप अब ट्रायज में नहीं हो ना?”

मी नव्या मुलीकडे गेले. ती ऐकून घेते, मान हलवते. बोर्डाखाली चिटकवायला मी हाताने एक कागद लिहून दिला, तो संध्याकाळी निघाला. छापील नमुन्यात नाही म्हणे. मी पुन्हा लावला, पुन्हा निघाला. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकलाय. वर पत्र पाठवलंय. उत्तर आलं की आपला सुझाव संबंधित शाखेला पाठवण्यात आला आहे. ही शाखा मी बरीच वर्षं शोधतेय. या देशातल्या सगळ्या शहाण्या सूचना त्या शाखेत राहतात.

हे चाचांना सांगायला मी भैरवगढला गेले. दुपारची वेळ, शेडमध्ये चादर छापायचं काम चालू. चाचा टेबलाशी उभे होते. उजव्या हातात ठप्पा, डाव्याने कापड दाबलेलं, पण डाव्या हाताचं मधलं बोट हवेत वर धरलेलं, लागल्यासारखं. त्याच्यावर रबरी हातमोज्याचं कापलेलं बोट चढवलेलं, खाली दोऱ्याने घट्ट बांधलेलं.

“हे काय? कापलं का?” मी विचारलं.

“नहीं रे,” चाचा म्हणाले. “ये मशीन वाली उँगली है.”

त्यांनी दोरा सोडून ते रबर काढून दाखवलं. चाचीने तीन महिने काय काय चोळलं होतं. कातडीचा रंग बराच निघाला होता, जागोजाग सोलवटलेलं होतं. जुनं नख मात्र निघत नाही, म्हणून ते मुळापर्यंत कापत आणलेलं, आणि खालून नवं, बिनरंगाचं नख अर्ध्यापर्यंत वर आलेलं. नऊ बोटं काळीनिळी आणि हे एक, भिजून भिजून सुरकुतलेलं. चाचा ते माझ्यासमोर धरून उभे होते, खूश होते. शेजारच्या शेडमधल्या दोघांनीही असंच केलंय म्हणाले. एकाला दमा आहे, दुसऱ्याने सावधगिरी म्हणून.

माझं डोकं फिरलं. हे मी बैठकीत सांगणार नाही, कधीच नाही, कारण साहेब याला जनभागीदारी म्हणतील आणि पडद्यावर लावतील. फॉर्ममध्ये एक ओळ घालता येत नाही, त्याला बिंदी लावता येत नाही, म्हणून साठीतल्या माणसाने आपलं बोट सोलून काढायचं? कापड नऊ बोटांनी दाबायचं? उद्या कॉम्प्युटर म्हणेल, काळं नाक चालत नाही, तर नाक कापणार?

“काढा ते! फेका!” मी मराठीतच ओरडले. “चाचा, तुमचं बोट चुकलेलं नाहीये. चुकलेत ते. त्यांनी बदलायचं, तुम्ही नाही.”

चाचा मराठी समजतात, इतकी वर्षं आमच्यासारख्यांची कामं करून. शांतपणे म्हणाले, “फेंक दूँ? फिर वहाँ कौन बैठेगा मेरे साथ, जूता उतारने को? तू रोज़ बैठेगी?”

माझ्याकडे दहा उत्तरं होती, सगळी पत्रकातली.

त्यांनी बोटाला रबर परत चढवलं, दोऱ्याचं टोक दातात धरून गाठ मारली. ठप्पा रंगात टेकवला, कापडावर ठेवला, मुठीने वरून ठोकला. एक. दोन. तिसऱ्यानंतर टेबलाला धरून उभे राहिले, श्वास परत यायची वाट बघत.

“नाखून पूरा आने में अभी दो महीने हैं,” चाची मागून, कापडं उचलता उचलता, त्यांच्यावर डाफरली. “तब तक बीमार पड़े तो देख लेना.”